वळायची वेळ अकरा चाळीस

रविवार, ४ मे. सकाळी साडेसात.
स्थळ: मानोजीराव चव्हाण यांचे घर, हिनकल (म्हैसूर). तळमजला.
हजर: मानोजीराव (अध्यक्ष), डॉ. बर्वे, प्रसाद, मी (चिटणीस).
गैरहजर: हेमा (रजेवर).

ही आमच्या गिर्यारोहण मंडळाच्या सदतिसाव्या सभेची नोंद. अध्यक्ष मानोजीराव यांनी आजवर हिमालयातल्या एकोणीस शिखरांचे रस्ते आखले आहेत. त्यातले बहुतेक असे, की नुसतं ऐकून बर्वे डॉक्टरांच्या गुडघ्यात कळ येते. बर्फाची घळ कुठे, हिमनदीला भेगा कुठे, तंबू कुठे ठोकायचा, कोणत्या कड्यावर किती वाजता ऊन येतं, सगळं त्यांना तोंडपाठ आहे.

आणि हेच मानोजीराव स्टुलावर चढत नाहीत.

त्यांच्या व्हरांड्यातला बल्ब गेला की मला फोन येतो. वरच्या नोंदीत 'तळमजला' हा शब्द त्यासाठीच आहे. गच्चीवर सभा घेऊ, वारा छान असतो, असं प्रसादने एकदा सुचवलं होतं. अध्यक्षांनी तो विषय पुढच्या सभेत घ्यायचं ठरवलं. तीन वर्षं झाली, तो विषय अजून पुढच्या सभेतच आहे.

मी कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. काय आलं, कोणी नेलं, परत आणलं का, हे लिहिण्यात बावीस वर्षं गेली. त्यामुळे मी कोणत्याही मंडळात शिरले की पंधरा मिनिटांत चिटणीस होते. इथे पाचव्या मिनिटाला झाले. आम्ही नाशिकहून येऊन त्यांच्या गल्लीत घर घेतलं होतं आणि मी ओळख करून घ्यायला गेले होते. खुर्चीवर नीट टेकलेही नव्हते, तर त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही खाली कसं उतरणार?"

"कुठून?"

"कुठूनही. उतरायचं आधी ठरवा. चढायला काय, गाढवपण चढतंय."

मी पर्समधून वही काढून ते वाक्य लिहून घेतलं. त्यांनी माझ्या वहीकडे पाहिलं, समासाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आयतु. झालं. तुम्ही चिटणीस."

मानोजीरावांचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत घोड्यावर होते. दोनशे वर्षं हे लोक घरात मराठी बोलत आले आहेत, पण वाक्य मराठीत निघतं, मधे कानडीच्या गल्लीत शिरतं आणि बऱ्याच वेळाने, आदराचा कानडी 'री' सोबत घेऊन, घरी येतं. आमच्या मराठीला ते 'पेपरातलं मराठी' म्हणतात. "बरोबर आहे री, पण भूक लागल्यासारखं वाटत नाही ते ऐकून."

लष्कर मोहल्ल्यात त्यांचं ताडपत्रीचं दुकान होतं. लॉरीच्या ताडपत्र्या शिवायच्या, मांडवांची कापडं दुरुस्त करायची. दुकानात वरच्या फळीवरचा माल काढायला शिडी होती. तिच्यावर ते कधी चढले नाहीत. त्यांनी वरची फळीच काढून टाकली. पस्तीसेक वर्षांपूर्वी बंगळूरचे काही तरुण एक फाटका तंबू घेऊन आले. तंबूच्या पिशवीच्या तळाशी एक नकाशा राहिला होता. हिमालयाचा, उंचीच्या रेषा काढलेला. मानोजीरावांनी तोवर हिमालय फक्त कॅलेंडरवर पाहिला होता, शंकराच्या मागे.

"मला वाटलं, कुणीतरी कापड बेतलंय," ते सांगतात. "रेषा दाट, तिथं चुण्या. रेषा सुट्या, तिथं कापड ढिलं. डोंगर म्हणजे काय री? वरून टाकलेली ताडपत्री. खाली बांबू कुठं आहेत, तेवढं ओळखायचं."

तंबूवाले तंबू न्यायला आले तेव्हा मानोजीरावांनी नकाशा परत दिला. पण त्याआधी दोन दिवस दुकान बंद ठेवून तो बटरपेपरवर उतरवून घेतला होता. तिथून जे सुरू झालं ते आता त्यांच्या हॉलमध्ये आहे. सोफा व्हरांड्यात आणि सोफ्याच्या जागी शिखर. जुन्या ताडपत्रीला खळ लावून, आत बांबू घालून, टाके मारून उभं केलेलं. पाहुणे येतात, हिमनदीच्या कडेकडेने जपून जातात आणि स्वयंपाकघरात बसतात.

जेवताना तर विचारू नका. पानात रागीमुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, आली की ती गोळा राहत नाही, शिखर होतं. बोटाने धार काढतात, सांबार एका बाजूने सोडतात. "नोडी ताई, बघा, हिमनदी कशी वळते." मग ते शिखर ते वरून खाली खातात. उताराच्या दिशेने.

सध्या हॉलमध्ये उभं असलेलं शिखर लाहौलमधलं आहे. नकाशात त्याला नाव नाही, नुसती उंची लिहिली आहे. पण भागांना मानोजीरावांनी नावं दिली आहेत. एकावर एक बसलेल्या हिमनदीच्या तीन पायऱ्या म्हणजे 'सेट दोसा'. पश्चिमेचा कडा 'मैसूरपाक', कारण तिथला दगड हात लावला की भुगा. ही नावं सभेच्या नोंदीत अशीच जातात. बर्वे डॉक्टर दाताचे डॉक्टर आहेत आणि मुख्यतः नाश्त्यासाठी येतात. मैसूरपाकवर दीड तास चर्चा होऊन शेवटी उपमा आला, त्या दिवशी त्यांनी राजीनामा देण्याची धमकी दिली होती. प्रसाद कॉम्प्युटरवाला, आमच्यात सर्वांत तरुण, अडतीसचा. बर्फात घालायचे बूट असलेला तो एकटाच. ते बूट तो सभेला घालून येतो, कारण म्हैसुरात दुसरीकडे कुठे घालणार?

उतरायचं आधी ठरवल्यावर मानोजीरावांची दुसरी गोष्ट येते, वळायची वेळ. निघण्याआधी ती कागदावर लिहायची. ती झाली की असाल तिथून वळायचं. माथा हाताला लागत असला तरी. हा नियम बर्फातला आहे आणि तिथे तो शहाणपणाचा आहे. मानोजीराव तो सगळीकडे लावतात.

पुतण्याच्या लग्नात वळायची वेळ एक दहा होती. मुहूर्त लांबला, भटजींना घाई नव्हती, पंगत बसली एक वाजता. कोशिंबीर आली, भात आला. होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, घेऊन वाढपी चार पानं अलीकडे पोचला आणि एक दहा झाले. मानोजीराव उठले. विहीणबाईंना वाटलं काही मानपान राहिला. अर्धा हॉल त्यांच्यामागे धावला. नवरीच्या वडिलांनी फाटकाशी गाठून हात जोडले, "काय चुकलं आमचं?"

"काही नाही री. होळिगे पंधरा फुटांवर होती, बघितलं मी. वास पण आला. पण वेळ झाली, अल्लवा? झाली की नाही?"

मंडळाची म्हणून एकच मोहीम आजवर झाली आहे, बेट्टदपुरची. गावाशेजारी उंच टेकडी, वर देऊळ, खालपासून पायऱ्या. लोक लेकरांना कडेवर घेऊन जातात. मानोजीरावांनी उताराची चौदा पानं लिहिली. ते स्वतः पायथ्याशी, झाडाखाली, घडीची खुर्ची आणि दुर्बीण घेऊन. त्याला तळ म्हणायचं. आम्ही तिघं दोर बांधून पायऱ्या चढत होतो. एका आजीबाईंनी बर्वे डॉक्टरांना विचारलं की कुठला नवस आहे. देवळाच्या चाळीस पायऱ्या अलीकडे फोन वाजला.

"दहा चाळीस. वळा."

प्रसाद कळवळला. "काका, देऊळ दिसतंय. घंटा ऐकू येतेय."

"म्हणूनच वळा. दिसायला लागलं की माणूस घड्याळ बघत नाही."

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. पुजारी वरून बघत होता. आम्ही वळलो. देवाला मागून नमस्कार कसा करायचा यावर डॉक्टर खालपर्यंत बोलत होते. त्यांच्या घरी अजून हा विषय निघतो.

मानोजीरावांच्या घराबद्दल दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. एक, त्यांच्या फाटकाला कडी नसते. म्हणजे कडी आहे, ते लावत नाहीत. मी तीनदा सांगितलं, एकदा लेखी. गल्लीतली गाय आत येऊन फाइल नंबर सहाची, म्हणजे सहाव्या शिखराची, दक्षिण बाजू खाऊन गेली, तरी कडी लागली नाही. दोन, गच्चीवर एक खोली आहे. बाहेरून सतरा पायऱ्यांचा उघडा जिना आहे, कठडा एकाच बाजूला. ती खोली बंद असते. ती हेमाची.

हेमा म्हणजे त्यांची मुलगी. तिची आई लवकर गेली, मग हे दोघंच. हेमा ताडपत्र्यांच्या गठ्ठ्यांवर चढत वाढली आणि तशीच वर गेली. आता उत्तरेत, मनालीच्या पलीकडे, लोकांना बर्फात चढायला शिकवते. चार वर्षांपूर्वी एका मोहिमेची ती पुढारी होणार होती. मानोजीरावांनी मोहिमेचा आराखडा कुठून तरी मिळवला, उतार पाहिला आणि तिच्या साहेबांना अकरा पानी पत्र पाठवलं. उतार चुकला आहे, असं. साहेबांनी ते पत्र चहाच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवलं. हेमाला त्या हंगामात मोहिमेऐवजी कोठीत दोर मोजायला बसवलं.

तिचा फोन आला. "अप्पा, तुम्ही स्टुलावर चढत नाही. माझे रस्ते आखायचे नाहीत. कधीच."

तेव्हापासून ती घरी आली नाही. गणपतीला फोन येतो, दोन मिनिटांचा. हे मला त्यांनी एकदाच सांगितलं, बल्ब बदलताना, मी स्टुलावर असताना. खाली उतरेपर्यंत विषय संपला होता.

त्या भांडणाच्या पुढच्या वर्षी त्यांनी आमचं मंडळ काढलं. सभासदांच्या रजिस्टरात पाचवं नाव हेमाचं. मी म्हटलं, "त्या इथे नसतात."

"सभासद आहे. रजेवर आहे. रजा मंजूर आहे."

म्हणून दर नोंदीत 'गैरहजर: हेमा (रजेवर)'. रजिस्टरात तिचा ईमेलचा पत्ता त्यांनी स्वतःच्या अक्षरात भरला होता, तोही पाहिला. आणि मी चिटणीस आहे. सभेची नोंद सर्व सभासदांना पाठवायची असते, गैरहजर असलेल्यांना तर नक्कीच. तीन वर्षं, छत्तीस सभा, मी दर पहिल्या रविवारी संध्याकाळी नोंद पाठवत होते. चार पत्ते. उत्तर कोणाचंच येत नसे. बर्वे आणि प्रसाद वाचतही नाहीत, हे मला माहीत आहे. मी एकदा मुद्दाम डॉक्टरांच्या नावावर इडली आणण्याचं काम टाकलं होतं; इडली आली नाही.

तर, रविवार, ४ मे. विषय दोन, उत्तरेची घळ. मानोजीराव पट्टी घेऊन उभे होते. मी म्हटलं, "त्याआधी एक पत्र आहे. सभासदाचं."

"कोण? डॉक्टर? पुन्हा नाश्ता?"

मी वाचलं.

'चिटणीस यांस. सदतिसाव्या सभेची विषयपत्रिका मिळाली. विषय दोन. येत्या बारा तारखेला सहा जणांना घेऊन मी त्याच शिखरावर निघते आहे. त्यानंतर फोन लागणार नाही. मैसूरपाकवर दगड सुटतात असं अध्यक्ष एकतिसाव्या सभेत म्हणाले, ते खरं आहे. गेल्या वर्षी आम्ही दुर्बिणीतून पाहिलं. आमच्यातल्या एकाचा गुडघा कच्चा आहे. त्याला घेऊन खाली कुठून यावं? अध्यक्षांना विचारून कळवावे. हेमा चव्हाण, सभासद (रजेवर).'

मानोजीरावांनी पट्टी सेट दोसावर ठेवली. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तिला कसं कळलं एकतिसाव्या सभेचं?"

"मी नोंद पाठवते."

"किती दिवस?"

"पहिल्यापासून. नियम आहे."

"सगळ्या? बेट्टदपुरपण?"

"बेट्टदपुरपण. चौदा पानांसकट."

"अय्यो," मानोजीराव म्हणाले आणि व्हरांड्यात जाऊन सोफ्यावर बसले. आम्ही तिघं मागोमाग गेलो. बर्वे डॉक्टरांच्या हातात उपम्याची बशी होती, ती त्यांनी खाली ठेवली. डॉक्टर बशी खाली ठेवतात तेव्हा प्रसंग गंभीर असतो.

"उत्तर द्यायचं नाही," मानोजीराव म्हणाले. "तिनं सांगितलंय. आखायचे नाहीत म्हणून."

"आता तीच विचारतेय की हो."

"अध्यक्षांना विचारतेय डॉक्टर. अप्पाला नाही."

"मग अध्यक्षांनी द्यावं उत्तर. अप्पांना मधे घेऊ नका."

मी लगेच ठराव लिहिला. सभासद हेमा यांना अध्यक्षांनी दहा तारखेपर्यंत उत्तर द्यावे. बाजूने तीन. अध्यक्ष तटस्थ.

पाच दिवस ते दिसले नाहीत. नवव्या तारखेला सकाळी ते माझ्या दारात उभे, हातात सव्वीस पानं. डोळे लाल, बोटाला टाक्याची सुई लागलेली. घळीचा नवा नमुना शिवून पाहिला होता म्हणे, तीन वेळा उसवून.

"यातलं काही कमी करायचं नाही," ते आत येता येता म्हणाले.

"मानोजीराव, ती सव्वीस पानं घेऊन बर्फात चढणार आहे का?"

"वाचून जाईल की."

"मागे अकरा पानं पाठवली होतीत."

हे मी बोलायला नको होतं. पण लाल पेन हातात असलं की मी अशीच असते. त्यांनी पानांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "कापा."

दुपारपर्यंत आम्ही भांडलो. सावल्यांचं कोष्टक मी उडवलं. हिमनदीच्या इतिहासावर त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. तंबूच्या शिवणीवर परत धरलं. "तुम्ही स्टोअर्सवाल्या री. कुणी चार मागितले की दोन देणार." शेवटी उरलं ते असं:

मैसूरपाककडून उतरू नये, कितीही जवळ वाटलं तरी. माथ्याच्या अलीकडे खांदा आहे, तिथून उत्तरेच्या घळीत शिरावं. घळीत दुपारनंतर तिरकं ऊन येतं आणि बर्फ ढिला होतो, त्याआधी घळ पार व्हावी. कच्च्या गुडघ्याचा माणूस दोरावर पहिला खाली, सगळ्यात भक्कम माणूस शेवटी. वळायची वेळ अकरा चाळीस, वर पोचला असाल वा नसाल.

आणि मग सव्विसावं पान. मी त्यावर सरळ काट मारली होती. त्यात घळीच्या पुढचं होतं. तळ. तळावरून मनाली. मनालीहून दिल्ली, दिल्लीहून बंगळूर, म्हैसूर स्टेशन. स्टेशनबाहेर हुणसूर रोडची बस. हिनकलला उतरायचं. फाटक नुसतं ढकलायचं, कडी नाही. व्हरांड्याची पहिली पायरी फुटलेली आहे, सांभाळून. मग चहा.

"याचा बर्फाशी काय संबंध?" मी विचारलं. "उतार तळावर संपला."

"तळावर कोण राहतंय, ताई?"

ते माझ्याकडे बघत नव्हते, लाल रेघेकडे बघत होते.

"उतार घरी संपतो," ते म्हणाले.

गेल्या वर्षी त्यांच्या एकोणीस फाइलींची सूची मी केली होती. एकोणीसही शिखरं हेमाच्या मुक्कामापासून चार दिवसांच्या वाटेवरची होती. मला वाटलं, एकाच भागाचे नकाशे मिळाले असतील. आणि प्रत्येक फाइलीच्या शेवटी हे एक पान होतं, फाटकाचं, पायरीचं, चहाचं. मी ते सूचीत 'इतर' म्हणून टाकलं होतं.

मी नवीन कागद घेतला आणि सव्विसावं पान माझ्या अक्षरात पुन्हा लिहिलं. त्यांनी शुद्धलेखन तपासतात तसं ते तपासलं. दहा तारखेला सकाळी पत्र गेलं. अकराला रात्रीपर्यंत उत्तर नाही. बारा तारखेला तिचा फोन बंद झाला.

रविवार, १ जून. हजर चार, गैरहजर एक. विषय नव्हता. मानोजीरावांनी नवीन काही आखलं नव्हतं. पानात मुद्दे आली, ती त्यांनी मुद्देसारखी खाल्ली. प्रसाद साध्या चपला घालून आला होता. डॉक्टरांनी नाश्ता स्वतः आणला आणि कोणाला टोमणा मारला नाही. सभा वीस मिनिटांत संपली. नोंद मी तरीही पाठवली. पाठवताना चौथ्या पत्त्यावर, हेमाच्या, बोट जरा थांबलं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, मी कारखान्यात माल मोजत असताना, फोनवर पत्र आलं. मी मोजणी अर्धवट सोडली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. स्कूटर काढून हिनकलला गेले. मानोजीराव व्हरांड्यातल्या सोफ्यावर होते, फाटकाकडे तोंड करून. मी उभ्यानेच वाचलं.

'चिटणीस यांस. अकरा चाळीसला वळलो. माथा दोराच्या एका लांबीवर होता, दिसत होता. गुडघेवाला पहिला उतरला, मी शेवटी. घळीतून बाहेर आल्यावर मागे बर्फ सुटला. सहाही जण खाली आहेत. त्यातले दोघे माझ्याशी बोलत नाहीत. उरलेला भाग कळवल्याप्रमाणे. सव्वीस तारखेला, गुरुवारी. हेमा.'

"पुन्हा वाचा," मानोजीराव म्हणाले. मी पुन्हा वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं नाही, कागदच मागितला. माझ्याकडे कागद नव्हता, फोन होता. तो त्यांनी दोन्ही हातांत धरला.

"एक लांबी म्हणजे पन्नास मीटर," ते म्हणाले. "होळिगे पंधरा फुटांवर होती."

मग उठले आणि फाटकापाशी गेले. ढकलून पाहिलं. उघडतं का.

गुरुवारची यादी मी त्याच संध्याकाळी केली. फुटकी पायरी दुरुस्त करणे, प्रसाद. झाली, जरा वाकडी. हॉलमधलं शिखर हलवून सोफा आत घेणे, सगळे. सोफा आला, शिखर डॉक्टरांच्या दवाखान्यात पोचलं. रोगी त्याला घाबरतात, दाताला नाही. किराणा, मी. होळिगे, डॉक्टरांच्या घरून, पण बेट्टदपुर माफ झालं असं समजू नये, असा निरोप आहे. व्हरांड्याचा बल्ब, मी.

राहिलं नऊ नंबरचं काम: गच्चीवरची खोली झाडणे. मी समोर प्रसादचं नाव लिहिलं होतं. मानोजीरावांनी लाल पेन माझ्या हातून घेतलं आणि ते खोडलं.

"बेडा. नको. ही खोली मी."

"सतरा पायऱ्या आहेत. एका बाजूला कठडा नाही."

"माहितेय. उतार आखलाय."

उतार खरंच आखला आहे, दोन पानांत. ताडपत्रीच्या जाड पट्ट्या शिवून त्यांनी दोर केला, तो कठड्याला. खाली बर्वे डॉक्टर, दोराचं टोक कमरेला बांधून, हातात बशी. मानोजीराव पायरीकडे तोंड करून चढतात, बाजूला बघत नाहीत, दर पायरीला मोठ्याने आकडा म्हणतात. शुक्रवारी पाचपर्यंत गेले आणि घामाने भिजून परत आले. रविवारी अकरापर्यंत. त्या दिवशी प्रसाद म्हणाला, "काका, आता सहाच राहिल्या." त्यांनी घड्याळ पाहिलं आणि वळले.

आज मंगळवार. चौदाव्या पायरीवर अकरा चाळीस झाले. वर दाराचं कुलूप दिसत होतं. ते वळले, पण झाडू आणि सुपली चौदाव्या पायरीवरच ठेवून आले. सामान वर पोचवून ठेवलंय, म्हणाले. हेमाची गाडी गुरुवारी सकाळी आहे, मधे फक्त उद्याचा दिवस.

यादीत बाकी सगळ्यावर खूण झाली आहे. नऊ नंबरच्या पुढे जागा रिकामी आहे.